आधीच्या मालकाची करणी

गेल्या बावीस वर्षांत आमच्या घरात एकाही वायरमनचं पाऊल पडलेलं नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो. लोक मुलांचे मार्क सांगतात, नवी गाडी सांगतात; मी हे सांगतो. घरातला प्रत्येक बोर्ड, प्रत्येक पॉइंट, भिंतीतून, भिंतीवरून आणि एके ठिकाणी भिंतीला कंटाळून खिडकीबाहेरून गेलेली प्रत्येक वायर माझ्या हातची आहे!

हा माझा व्यवसाय नव्हे. पोटासाठी मी विम्याच्या कचेरीत दावे तपासतो. शॉर्ट सर्किटने ज्यांचं घर जळालं त्यांना, ‘सदर काम परवानाधारकाकडून करून घेतले नसल्याने आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे,’ असं कळवणं हे माझं रोजचं काम. पण ती दुसऱ्यांची घरं. दुसरे लोक अडाणी असतात.

त्यामुळे नियम मला तोंडपाठ. नियमात स्पष्ट लिहिलंय, की किरकोळ दुरुस्ती घरमालकाने स्वतः करण्यास हरकत नाही. आता किरकोळ म्हणजे किती? ते लिहिलेलं नाही. बहुधा लिहिणाऱ्याचा चहा आला असावा. मी त्याचा सरळ अर्थ लावला. एका रविवारी एक वायर टाकणं ही किरकोळ दुरुस्तीच की नाही? मग पुढच्या रविवारी दुसरी. थेंबे थेंबे तळे साचे, या न्यायाने मी सगळं घर किरकोळीत नव्याने वायर करून काढलं!

बायको म्हणते, “घाऊक गाढवपणा किरकोळीत विकला, तरी माल तोच राहतो.” बायकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

एवढं मात्र खरं, की आमच्या घराला एक शिस्त आहे. दिवाणखान्यातला पंखा न्हाणीघराबाहेरच्या बोर्डावरून लागतो. का, ते विचारू नका. त्या रविवारी वायर तेवढीच उरली होती. फ्रीजला जरा झिणझिण आहे. करंट नव्हे! करंट वेगळा. करंट बसला की माणूस ओरडतो. झिणझिण आली की माणूस नुसतं ‘हं’ म्हणतो. म्हणून फ्रीजपाशी रबरी चपला ठेवलेल्या असतात आणि खुंटीला कोरडा टॉवेल. आणि गिझर लावणाऱ्याने आधी “गिझर!” अशी आरोळी ठोकायची, बाकीच्यांनी नळ, बादली, जे काही धरलं असेल ते टाकून “सोडला!” म्हणायचं, मगच बटण दाबायचं. जहाजावर असते तशी शिस्त. आजतागायत कोणी बुडालेलं नाही.

तर अशा या सुखी घरात बायकोने पाळणाघर काढायचं ठरवलं.

वीस वर्षं तिने एका शाळेत बालवर्ग सांभाळला. शाळेने बालवर्ग बंद केला आणि बाईसाहेब घरी बसल्या. म्हणजे बसल्या नाहीत. तेच तर दुखणं होतं. चार महिने ती घरभर नुसती फिरत होती. मग एक दिवस पुढची खोली रिकामी केली, भिंती रंगवल्या, गुडघ्याएवढ्या पिवळ्या खुर्च्या आणल्या. सात आयांशी बोलणं झालं. त्यातल्या एकीची रजा महिनाअखेर संपत होती, ती रोज फोन करायची, “काकू, एक तारखेला नक्की ना?” आणि बायको प्रत्येक वेळी इतक्या आनंदाने “नक्की!” म्हणायची, की लग्नानंतर मी तो आवाज प्रथमच ऐकत होतो.

अडलं एका कागदावर. घरात पाळणाघर चालवायचं तर वायरिंग सुरक्षित असल्याचा दाखला हवा. अर्जात रकाना होता: ‘वायरिंगचे काम कोणी केले?’

मी पेन उघडून ठळक अक्षरांत सुरुवात केली. बायकोने झडप घातली.

“काय लिहिताय?”

“माझं नाव.”

“कशाला?”

“म्हणजे? मी केलंय!”

“म्हणूनच तर! तिथला कारकून म्हणाला, घरमालकाने परवान्याशिवाय स्वतः काम केलं असेल, तर अर्ज वर्षभर बाजूला ठेवतात. दुसऱ्या कोणी करून ठेवलं असेल, तर नुसतं दुरुस्त करून घ्यायचं आणि आठ दिवसांत दाखला.”

“मग?”

“मग काय? हे घर आपण विकत घेतलंय. आपल्या आधी इथे कोणीतरी राहत होतंच की!”

“अगं, त्या गृहस्थांच्या वेळी या घरात चार बल्ब आणि एक पंखा होता!”

“ते तपासायला येणाऱ्यांना कुठे माहीत आहे?”

आणि तिने सुवाच्य अक्षरांत लिहिलं: ‘आधीचे घरमालक’. बावीस वर्षांची माझी कला दोन शब्दांत परक्याच्या नावावर चढली. मी काही बोलणार तोच ती हात जोडून म्हणाली, “अहो, एक तास. फक्त एक तास तोंड बंद ठेवा. मी आयुष्यात तुमच्याकडे दुसरं काही मागितलं नाही.” हे धादांत खोटं होतं, पण तिचे डोळे भरले होते. मी शब्द दिला.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी घरात तालीम घेतली. घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि माझे वडील. वडिलांना सगळे आण्णा म्हणतात. वय ब्याऐंशी, कान कामापुरते.

“उद्या एक तास,” मी म्हणालो, “सगळ्यांनी सामान्य माणसांसारखं वागायचं!”

“म्हणजे कसं?” आण्णांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

“म्हणजे फ्रीज उघडताना चपला नाहीत, टॉवेल नाही. मी प्लगच काढून ठेवतो, म्हणजे भीतीच नको. गिझरची आरोळी नाही. आणि आण्णा, तुम्ही गप्प बसायचं.”

“मी कुठे बोलतो?” आण्णा म्हणाले आणि पुढचा अर्धा तास त्यावर बोलले.

तपासनीस ठरल्या वेळी आल्या. बेल वाजली नाही, पण न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा घुरघुरला, त्यावरून दारात कोणीतरी आहे हे आम्हाला कळलं. बाई पन्नाशीच्या, पायांत कॅनव्हासचे बूट, चष्मा दोरीला बांधलेला, खांद्याला जड पिशवी. आवाज असा शांत, की ऐकणाऱ्याला आपोआप गुन्हे आठवावेत.

“सावकाश बघू,” त्या टेकत म्हणाल्या. “आधी घोटभर पाणी मिळेल?”

“हो, हो! गार देते,” असं म्हणून बायको उठली. फ्रीजपाशी गेली. उजवा पाय चपलेत, डावा पाय चपलेत, खुंटीवरचा टॉवेल हाताला गुंडाळला, श्वास रोखला आणि फ्रीज उघडला.

प्लग जमिनीवर पडला होता! फ्रीज सकाळपासून मेलेला होता! पण हातांना कोण सांगणार? हात बावीस वर्षं शिकलेले!

बाईंनी फ्रीजकडे पाहिलं, प्लगकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं आणि कोमट पाणी प्यायल्या.

“उकडतंय का हो?” मी विषय बदलला. “आण्णा, जरा पंखा लावा.”

आण्णा उठले, दिवाणखान्यातून बाहेर पडले आणि बोळातून चालत दिसेनासे झाले.

“कुठे गेले?” बाईंनी विचारलं.

“पंखा लावायला.”

त्यांच्या डोक्यावरचा पंखा फिरू लागला. बाईंनी वर पाहिलं, मग बोळाकडे पाहिलं, मग वहीत काहीतरी लिहिलं. बारीक अक्षरात, पण बराच वेळ.

आता आण्णा न्हाणीघरापाशी गेलेच होते, आणि अकरा वाजले होते. अकरा ही आण्णांची आंघोळीची वेळ. जग बुडालं तरी ती चुकत नाही. आम्ही बाईंना स्वयंपाकघर दाखवत होतो. बायकोचा हात नळावर, माझा हात ओट्याच्या स्टीलवर. तेवढ्यात बोळातून खणखणीत आरोळी आली:

“गिझऽऽर!”

“सोडलाऽऽ!” आम्ही दोघं एकदम ओरडलो आणि दोन्ही हात वर करून उभे राहिलो. दरोडेखोरासमोर खजिनदार उभे राहतात तसे!

बाई आमच्याकडे बघत राहिल्या. 

“हात खाली केलेत तरी चालतील,” त्या शेवटी म्हणाल्या. “किती वर्षं असे राहताय तुम्ही?”

आणि इथे बायकोने जे केलं, त्याला तोड नाही. तिने पदर डोळ्यांना लावला. “काय सांगू बाई! सगळी आधीच्या मालकाची करणी. आम्ही बापडे भोगतोय!”

“कुठे असतात ते आता?”

“गेले ते,” बायको म्हणाली. ते मुलाकडे राहायला गेले होते.

“साहजिकच आहे,” बाई म्हणाल्या. “याच बोर्डाला हात लावला असेल.”

यानंतरचा पाऊण तास मी कसा काढला, ते माझं मला ठाऊक. बाई एकेक बोर्ड उघडत गेल्या आणि आधीच्या मालकाचा उद्धार करत गेल्या. मला तो हसऱ्या चेहऱ्याने ऐकायचा होता.

“हे बघा. हिरव्या वायरमधून चालू करंट! हिरवी अर्थिंगची असते, शेंबडं पोरसुद्धा सांगेल. काय माणूस होता की कोण?”

“लाल वायर संपली असेल,” मी म्हणालो. “रविवार असेल. दुकानं बंद असतील.”

“सोमवारी उघडली असतील ना?”

त्या पुढे सरकल्या.

“जोडाला चिकटपट्टी कसली लावलीय ही? ही तर पाकिटं बंद करायची!”

“हाताशी तीच असेल बिचाऱ्याच्या!”

“तुम्ही त्यांची फार बाजू घेता हो.”

“गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये,” मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. बायकोने माझ्या पायावर पाय दिला. रबरी चपलेसकट!

“गेलेला असो नाहीतर असलेला,” बाई बोर्ड बंद करत म्हणाल्या, “असल्या माणसाच्या हातात टेस्टर देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. यांची सर्वांत वाईट गोष्ट काय माहितीये? यांना थोडंसं येतं. काहीच न येणारा माणूस निदान घाबरतो.”

मी ओठ चावला. आता सांगायला हरकत नाही, मी तो अपमान गिळला. माझ्या डोळ्यांसमोर सात आया होत्या, पिवळ्या खुर्च्या होत्या. सगळं सुरळीत चाललं होतं! बाई नरमल्याही होत्या. “काळजी करू नका,” त्या बायकोला म्हणाल्या. “तुमचा यात काय दोष? चांगला परवानाधारक गाठा, आठवड्यात सगळं बदलून होईल. एक तारीख चुकणार नाही.” बायकोचा चेहरा असा उजळला, की त्याला कुठल्याही वायरची गरज नव्हती.

राहिली फक्त पुढची खोली. पाळणाघराची. तिथला बोर्ड बाईंनी उघडला आणि त्या थबकल्या.

“अरे वा!”

मी कान टवकारले.

“हे वेगळ्या माणसाचं काम आहे. वायरी बघा कशा सरळ. रंग बरोबर, अर्थिंग बरोबर. प्रत्येक बटणामागे चिठ्ठी! हे कोणी केलं?”

तो बोर्ड मी चार वर्षांपूर्वी केला होता. पाय मोडून दीड महिना घरी होतो, त्यामुळे सावकाश आणि पुस्तकात बघून केला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणा जाणकाराने माझ्या कामाला ‘अरे वा’ म्हटलं होतं! माझी छाती आपोआप वर येऊ लागली. बायकोने ती येताना पाहिली. तिला पुढचं संकट दिसलं आणि घाईघाईत, अगदी निर्मळ हेतूने, ती बोलून गेली:

“हे ना… हे माझ्या भावाने केलंय.”

भावाने!

वाचकहो, माझा मेहुणा काय चीज आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. रिमोटमधले सेल संपले तेव्हा या गृहस्थाने टीव्ही दुरुस्तीला नेला होता. टेस्टर कुठल्या टोकाने धरतात हे त्याला कळत नाही. कळत नाही म्हणून तो दोन्ही टोकांनी धरतो!

“छान हात आहे हो त्यांचा,” बाई म्हणाल्या. “परवान्याच्या परीक्षेला बसवा त्यांना. अशा माणसांची गरज आहे.”

माकड म्हटलं, सहन केलं. पण मेहुण्याच्या हाताची तारीफ! माझ्या मेंदूतला फ्यूज उडाला. तो मीच बसवलेला असावा.

“भावाने?” मी गर्जलो. “त्याला बल्ब बदलताना धरायला दोन माणसं लागतात! हा बोर्ड मी केलाय! मी!”

“अहो!” बायको किंचाळली.

“खोटं वाटतं? पुरावा दाखवतो!” मी स्क्रू-ड्रायव्हर काढला. “मी प्रत्येक बोर्डाच्या आत, वायरींच्या मागे, पेन्सिलीने तारीख आणि सही करतो. हे बघा! ही सही कोणाची?”

“तुमची दिसतेय,” बाई म्हणाल्या.

“आणि ही?” मी दिवाणखान्यात धावलो आणि दुसरा बोर्ड उघडला. “ही बघा! बारा वर्षांपूर्वीची! आणि ही स्वयंपाकघरातली! ही सोळा वर्षांपूर्वीची! न्हाणीघराबाहेरची तर खास, त्या दिवशी ताप होता मला!”

मी घरभर धावत होतो, बोर्डांची झाकणं टपाटप खाली पडत होती, आणि बाई मागोमाग येत प्रत्येक तारीख शांतपणे वहीत उतरवून घेत होत्या. चोराने पोलिसांना घरातला माल स्वतः मोजून द्यावा, तसं चाललं होतं. एकविसाव्या बोर्डापाशी मी धापा टाकत थांबलो. अभिमानाने वळून पाहिलं.

बायको पुढच्या खोलीत एका पिवळ्या खुर्चीवर बसली होती. गुडघे हनुवटीला टेकलेले. रडत नव्हती. फोन वाजत होता आणि ती तो उचलत नव्हती.

तेव्हा कुठे मला कळलं, की मी काय केलंय.

आण्णा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. “सगळं यानंच केलंय हो,” ते बाईंना कौतुकाने म्हणाले. “लहानपणी माझा रेडिओ पण यानंच बिघडवला.”

“मग अर्जात आधीचे मालक कसे?” बाईंनी चष्मा नाकावर चढवला.

बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

“मीच तिला तसं सांगितलं होतं,” मी म्हणालो. “तिला यातलं काही माहीत नाही.” बावीस वर्षांत त्या घराच्या सुरक्षिततेसाठी मी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य.

बाईंनी वही चाळली. “नियम असा आहे, की घरमालकाने परवान्याशिवाय स्वतः काम केलं, तर अर्ज वर्षभर…” त्या थांबल्या. “घर कोणाच्या नावावर आहे?”

“माझ्या,” बायको म्हणाली. घर घेतलं तेव्हा मी बदलीच्या गावी होतो. सह्या करायला तीच मोकळी होती.

“एकटीच्या?”

“एकटीच्या.”

“मग घरमालक तुम्ही. तुम्ही काही काम केलंय?”

“मी? मी बल्बलासुद्धा हात लावत नाही!”

“मग प्रश्नच मिटला!” बाई पहिल्यांदाच हसल्या. “घरमालकाने काहीच केलेलं नाही. अर्ज थांबायचं कारण नाही.”

“अगदी बरोबर!” मी आनंदाने ओरडलो. “शिवाय माझी सगळी कामं किरकोळ…”

“किरकोळ दुरुस्तीची मुभा घरमालकाला असते,” बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “तुम्ही कुठे आहात घरमालक?”

“मग मी कोण?”

बाईंनी पिशवीतून एक छापील कागद काढला आणि त्यावर बोट ठेवलं. “अनधिकृत व्यक्ती.”

विम्याच्या कचेरीत हेच दोन शब्द मी इतक्यांदा लिहिलेत, की त्यांचा शिक्का करून घेतलाय. आपल्यावर मारला की तो जरा वेगळा दिसतो.

“बाई, तुम्ही यांच्याविरुद्ध तक्रार दिलीत,” त्या बायकोला म्हणाल्या, “की उद्यापासून परवानाधारकाचं काम सुरू करता येईल. एक तारखेला पाळणाघर उघडा.”

बायकोने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. एवढ्या वेगाने तिला लिहिताना मी कधी पाहिलं नव्हतं. अनधिकृत कामाचा कालावधी: बावीस वर्षे. स्वरूप: संपूर्ण घर. झालेला त्रास: या रकान्याला जागा पुरली नाही, तिने मागच्या बाजूला लिहिलं. मध्येच फोन पुन्हा वाजला, तो खांद्यावर धरून ती म्हणाली, “नक्की! एक तारखेला नक्की!” आणि लिहीत राहिली.

फक्त शेवटच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. ‘अनधिकृत व्यक्तीचे तक्रारदाराशी नाते, असल्यास.’

तिने माझ्याकडे पाहिलं. उघड्या पडलेल्या एकवीस बोर्डांकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. बाईंनी घड्याळ पाहिलं. आण्णा कपडे घालून आले, तरी ती विचारच करत होती.

शेवटी लिहिलं तिने ‘पती’. लिहिलं, नाही असं नाही. पण मी म्हणतो, त्यात एवढा वेळ विचार करण्यासारखं काय होतं?